काळू, हस्की की कुणीच नको?

पत्र: आम्ही डोंबिवलीला पाचव्या मजल्यावर, टू बीएचकेत राहतो. मिस्टर अंधेरीला नोकरीला आहेत. सकाळी सव्वासातला घर सोडतात आणि रात्री साडेआठला येतात. मी कल्याणला बँकेत आहे. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत, शाळा दुपारची. सासूबाई सत्तरीच्या, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. मुलाला दोन वर्षांपासून कुत्रा हवाय. त्याच्या वाढदिवसासाठी मिस्टरांनी एका ब्रीडरकडे हस्कीचं पिल्लू पसंत करून दहा हजार टोकन देऊनही टाकलं, मला नंतर सांगितलं. इकडे आमच्या पार्किंगमध्ये एक भटकी कुत्री व्यायली आहे, चार पिल्लं आहेत. पिल्लांचे डोळे उघडून आठवडा झाला असेल. त्यातल्या एका काळ्या पिल्लावर मुलाचा जीव जडलाय, त्याचं नावही काळू ठेवलंय. परवा त्याला उचलायला गेला तर पिल्लाच्या आईचे दात हाताला जरासे लागले. रक्त आलं नाही, मी हळद लावली. सासूबाई म्हणतात, घरात देव आहेत, मांसमच्छी चालत नाही, कुत्रा कशाला, हवा तर पोपट आणा. सेक्रेटरी म्हणतात, लिफ्टमध्ये कुत्रा चालणार नाही. गणपतीत आम्ही दहा दिवस चिपळूणजवळ गावी असतो. हस्की आणू, काळूला वर आणू, की नकोच म्हणू? मला कुत्र्यांची भीती नाही, पण हौसही नाही.
— गोंधळलेली आई, डोंबिवली

ताई,

मुलाच्या हाताला दात लागले हे तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत, आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. हे वाचलंत की मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जा. मध्ये आठवडा गेला असेल तरी जा. रक्त आलं नाही म्हणजे काही झालं नाही, हा हिशेब रेबीजला लागू नाही. रक्त न येता नुसता ओरखडा उमटला तरी लस घ्यावी लागते. रक्त आलं असेल तर लशीच्या जोडीला जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही लागतं. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. कार्डावर ज्या तारखा लिहून देतील त्या सगळ्या पाळा. दोन डोस झाले, पोरगा खेळतोय, आता कशाला, असं करू नका. ती कुत्री दहा दिवस ठणठणीत राहिली तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील, पण दहा दिवस बघू आणि मग जाऊ, असा उलटा क्रम लावू नका. एकदा लक्षणं दिसायला लागली की या रोगातून माणूस वाचत नाही.

आणि हळद नको. चुना, तिखट, तेल काहीच नको. नळाखाली हात धरून साबणाने पंधरा मिनिटं धुवायचा, घड्याळ लावून. घरात कुत्रा आला तरी हाच नियम राहील, मग तो कितीही लाडका असो आणि त्याला कितीही लशी दिलेल्या असोत. आधी धुवायचं, मग डॉक्टरांना विचारायचं.

त्या कुत्रीवर मात्र राग धरू नका. जेमतेम तीन आठवड्यांची पिल्लं कुणी उचलायला आलं तर कुठलीही आई तेच करेल. सध्या मुलाने पिल्लांना हात लावायचा नाही. दोन हात लांब बसून बघायचं, तेही मोठं माणूस बरोबर असताना. पिल्लांसाठी काही करायचंच असेल तर त्यांच्या आईला पोटभर खायला आणि प्यायला पाणी द्या. चौघांना पाजताना तिची हाडं वर येतात.

आता हस्की. मिस्टरांना सरळ सांगा, हस्की नाही. दहा हजार बुडाले तर बुडू देत. हा मूळचा सायबेरियातला, बर्फावर गाड्या ओढणारा कुत्रा. अंगावर केसांचे दोन थर असतात. 'आम्ही एसी लावू' असं घेणारे सगळेच म्हणतात, पण अडचण नुसत्या तापमानाची नसते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तोंडातली ओल वाफ होऊन उडते आणि त्यातून अंग थंड होतं. डोंबिवलीच्या मे महिन्यात हवाच इतकी दमट असते की ती ओल उडता उडत नाही. मग तो नुसता धापत राहतो. सकाळ-संध्याकाळ बाहेर न्यावं तर लागणारच, तिथे एसी कुठून आणणार? अंगावरचे केस भादरणं हाही उपाय नाही, तो थर उन्हापासूनही जपतो. त्यात ही जात दिवसभर पळायला जन्मलेली. पाचव्या मजल्यावर सासूबाईंच्या सोबतीला बसवलंत तर सोफा फाडेल, दार उघडं दिसलं की जिन्याने पसार होईल आणि उरलेल्या वेळात लांडग्यासारखा गळा काढेल. ते ऐकून सेक्रेटरी वर येतील, आणि त्या वेळी मी त्यांच्या बाजूने असेन.

ब्रीडरने 'वुली कोट', 'निळे डोळे', 'केसीआय पेपर' असं बरंच सांगितलं असेल. केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, कागद वंशावळ सांगतात, तब्येत नाही. २०१७च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मिस्टरांना फक्त दोन गोष्टी विचारा. नोंदणीचं प्रमाणपत्र पाहिलंत का? पिल्लाची आई पाहिलीत का? पिल्लू व्हॉट्सअ‍ॅपवर पसंत केलं असेल आणि ते स्टेशनबाहेर गाडीतून हातात मिळणार असेल, तर उत्तर तुम्हाला मिळालंच. अशी पिल्लं बऱ्याचदा आईपासून लवकर तोडलेली असतात आणि लशीही नीट झालेल्या नसतात. घरी आणल्यावर आठवड्याभरात रक्ताचे जुलाब सुरू होतात. तो पार्व्हो, पिल्लांना होणारा विषाणूचा रोग. मग सलाइन, दवाखान्याच्या फेऱ्या, मोठं बिल आणि पुष्कळदा तरीही पिल्लू हातचं जातं. मुलाचा वाढदिवस असा लक्षात राहायला नको.

एवढं सांगितल्यावर तुम्हाला वाटेल, मी आता काळूला वर घेऊन या म्हणणार. अजून नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी टाकलंय: 'हौसही नाही.' आपल्याकडे कुत्रा येतो मुलाच्या हट्टाने, त्याचे फोटो निघतात बापाच्या मोबाइलमध्ये आणि तो पडतो आईच्या अंगावर. तुमच्याच घराचं वेळापत्रक बघा ना. सव्वासातला मिस्टर बाहेर. तुम्ही नऊच्या आसपास. साडेबाराला मुलगा शाळेत. तिथपासून साडेसहापर्यंत घरात फक्त सासूबाई. तीन महिन्यांच्या पिल्लाला तीन-चार तासांच्या वर शू धरवत नाही, म्हणजे रोज दुपारी लादी पुसायची वेळ येणार आणि ती पुसणार सत्तरीची, गुडघे दुखणारी बाई. रात्री तुम्ही दमून आलात की बाकीचं तुमचं. अकरा वर्षांचा मुलगा 'मी सगळं करीन' म्हणतो ते खोटं नसतं, पण अकरा वर्षांच्या 'सगळं'मध्ये पावसात साडेपाचला उठणं नसतं. आणि पुढचाही हिशेब करा. आपला गावठी कुत्रा नीट सांभाळला तर बारा-चौदा वर्षं जगतो. काळू बारा वर्षांचा होईल तेव्हा मुलगा तेवीसचा असेल, कदाचित दुसऱ्या शहरात. मध्ये त्याची दहावी, बारावी. आणि सासूबाई ब्याऐंशीच्या. तेव्हा म्हाताऱ्या, दृष्टी कमी झालेल्या कुत्र्याला औषधाच्या गोळ्या कोण भरवणार, याचं उत्तर आज देता येत असेल तरच पुढे जा.

म्हणून कुत्रा मुलाचा नाही, मोठ्या माणसाचा असला पाहिजे. तुमच्या घरात हौस कुणाला आहे? मिस्टरांना. मग कुत्रा त्यांचा. मुलगा मदतनीस, तुम्ही पाहुण्या. हे असं स्पष्ट बोलून घ्या, हसत हसत घ्या, पण घ्या. मिस्टरांना म्हणा, 'मला न विचारता दहा हजार दिलेत, आता मला विचारून पहाटे उठा.'

योगायोगाने वेळही तुमच्या हातात आहे. पिल्लं साधारण तीन आठवड्यांची दिसतात. आठ आठवडे पुरे होईपर्यंत त्यांना आईजवळच राहू द्यायचं. खेळताना किती जोरात चावायचं नसतं हे पिल्लू भावंडांकडून आणि आईकडून शिकतं. ते आधीच उचलून आणलं तर तोच धडा तुमच्या मुलाच्या बोटांवर गिरवला जातो. तर या पाच आठवड्यांत मिस्टरांनी रोज पावणेसहाला उठून अर्धा तास खाली चक्कर मारायची आणि रात्री जेवणानंतर पुन्हा अर्धा तास. कुत्र्याशिवाय. लोकल चुकली, मॅच आहे, पाऊस आहे, काहीही असलं तरी. मुलाने रोज ठरल्या वेळी त्या कुत्रीचं पाणी बदलायचं, भांडं तिच्यापासून लांब ठेवून. तुम्ही काही आठवण करून द्यायची नाही, हे तुमच्यासाठी सगळ्यात अवघड आहे. पाच आठवड्यांनी निकाल आपोआप दिसेल.

निकाल चांगला लागला तरी दुपारचा प्रश्न उरतोच. पिल्लू आणायचं तर पहिले चार-पाच महिने दुपारी तासभर येणारं कुणीतरी पगारी माणूस ठेवावं लागेल. ते जमणार नसेल तर माझी पसंती पिल्लाला नाहीच, दीड-दोन वर्षांच्या मोठ्या गावठी कुत्र्याला आहे. त्याच्या लशी आणि नसबंदी झालेली असते, स्वभाव कळलेला असतो, तो सहा-सात तास थांबू शकतो, दुपारी झोपतो आणि सासूबाईंच्या पायात येत नाही. दत्तक देणाऱ्या संस्था असा कुत्रा आधी काही दिवस सांभाळायलाही देतात. मुलाला आज हे पटणार नाही, त्याला काळूच हवाय, ते मला कळतं. पण त्याच्यासमोर निदान पर्याय ठेवा.

सासूबाईंचं बोलणं नीट ऐका. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत, खंडोबाजवळ कुत्रा असतो, हा युक्तिवाद त्यांच्यासमोर करू नका. त्यांना तो तुमच्या आधीपासून माहीत आहे. देवांपेक्षा त्यांना पडायची भीती असावी असा माझा अंदाज आहे, आणि ती खरी आहे. या वयात माकडहाड किंवा खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे त्यांनी ओळखीच्यांत पाहिलेलं असतं. देवघराच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक बसवा, आणि त्या एकट्या असताना पिल्लू मोकळं सोडायचं नाही असं ठरवा. मांसमच्छीबद्दलही त्यांना खरं सांगा. कुत्र्यांच्या तयार कोरड्या अन्नात बहुधा मांस असतंच. ते शिजवावं लागत नाही, डबा आणि वाटी बाल्कनीत वेगळी ठेवता येते. तेवढं त्यांना चालेल का, हे विचारा. चालत नसेल तर अंडी, पनीर, डाळ-भात यांचा मेळ डॉक्टरांकडून बसवून घेता येतो, कुत्र्याचं त्यावर भागू शकतं (मांजराचं भागत नाही, म्हणून शाकाहारी घराने मांजर पाळताना दहादा विचार करावा). नुसत्या दूध-पोळीवर मात्र वाढतं पिल्लू पोसत नाही. गाई-म्हशीच्या दुधाने कित्येकांना जुलाब होतात. आणि मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण चुकूनही नको. प्रसादाच्या शिऱ्यात मनुका असतात हे आपल्या ध्यानात येत नाही.

पोपट अजिबात नको. सासूबाईंच्या माहेरी असेल पिंजऱ्यात, त्या काळी घरोघर असायचे. पण आपला लाल चोचीचा हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. मुलाला शब्द देऊन बसण्याआधी हे त्यांना सांगून टाका.

सेक्रेटरींची गोष्ट सोपी आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सभेत बहुमताने ठराव करूनही सोसायटीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही लावता येत नाहीत. त्या छापून जवळ ठेवा, पण पहिल्याच दिवशी तोंडावर मारू नका. आधी जाऊन सांगा की कुत्रा कायम पट्ट्याला असेल, लिफ्टमध्ये कुणाला भीती वाटत असेल तर आम्ही पुढच्या फेरीने येऊ, शी आम्ही उचलू, आणि लशीचं कार्ड हे बघा. भांडणं कायद्यावरून होत नाहीत, जिन्यातल्या शीवरून होतात. महापालिकेत कुत्र्याची नोंदणीही करून घ्या.

खर्चाचं पत्रात तुम्ही काहीच लिहिलं नाही. खाणं, जंतांचं औषध, गोचिडांचं औषध, वर्षाच्या लशी मिळून मध्यम चणीच्या कुत्र्याला महिन्याला तीन-चार हजार धरून चाला. दुपारच्या माणसाचा पगार वेगळा, आजारपण वेगळं. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लशी असतात, तीन महिन्यांना रेबीजची, पुढे डॉक्टर सांगतील तशा. त्या पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर उतरवायचं नाही. गोचिडांकडे पावसाळ्यात विशेष लक्ष द्या. त्यातून येणारा ताप कुत्र्याला फार खंगवतो.

गणपतीचं आताच ठरवा. रेल्वेत कुत्रा नेता येतो, पण तुमच्याबरोबर न्यायचा तर फर्स्ट एसीचं अख्खं कूपे घ्यावं लागतं, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या खोक्यात एकटं जावं लागतं. गणपतीच्या गर्दीत कोकणच्या गाडीला अख्खं कूपे! म्हणजे स्वतःची गाडी, नाहीतर डोंबिवलीतच बोर्डिंग. गाडीने नेलंत तर निघण्याआधी भरपेट खायला घालू नका, दर दोन तासांनी उतरवा, आणि चहाला थांबताना त्याला बंद गाडीत ठेवू नका. गावी रात्री तो घरात, दार लावून. चिपळूणच्या बाजूला बिबट्या वाडीतलं कुत्रं अंगणातून उचलतो, हे तुमच्या गावकऱ्यांना मी सांगायला नको. आणि फटाके सुरू झाले की पट्टा तोडून पळालेले कुत्रे परक्या गावात सापडत नाहीत.

एक गोष्ट मिस्टरांना आणि मुलाला एकत्र बसवून सांगा. काळूला एकदा वर आणलं की 'नाही जमलं तर खाली सोडू' हा मार्ग बंद. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावरचे कुत्रे आपल्यात घेत नाहीत, फाडतात. भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये जो आदेश दिला, त्यातही दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावरच ठेवली आहे. प्राण्याला उपाशीतापाशी टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. कायद्याचा धाक धरून कुणी कुत्रा सांभाळेल अशी आशा करण्यात अर्थ नाही.

तुमचं उत्तर शेवटी 'नको' आलं तरी काही बिघडत नाही, आणि त्यात तुमच्याकडे वाईटपणा घ्यायचं कारण नाही. पण मग त्या पार्किंगमधल्या पाच जीवांसाठी एवढं करा. पिल्लं आईचं दूध सोडून खायला लागली की महापालिकेला कळवून कुत्रीची नसबंदी आणि रेबीजची लस करून घ्या. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून छोटी खाच असते, आणि नियमाने त्याला नेलं तिथेच परत आणून सोडतात, म्हणून पार्किंगवाल्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर थोड्या महिन्यांनी तिथे पुन्हा चार पिल्लं असतील. चौघांसाठी घरं शोधायचं काम मुलाला द्या. आठव्या आठवड्यात सकाळच्या उजेडात प्रत्येकाचा एकेक स्पष्ट फोटो काढायचा, पिल्लाच्या उंचीवर खाली बसून. सोबत नर की मादी, वय, कुठली लस झाली, आणि घेणाऱ्याने नसबंदी करायचं कबूल केलं पाहिजे ही अट. घेणाऱ्याचं घर तुम्ही नवराबायकोने जाऊन बघायचं, मुलाला एकट्याला पाठवायचं नाही. काळूचा फोटो सगळ्यात शेवटी टाका. काळी पिल्लं उशिरा जातात, आणि तोवर मिस्टरांच्या पाच आठवड्यांचं काय झालं तेही कळलेलं असेल.